डेंग्यूची खबर दोन महिने आधी मिळत असेल तर

पुण्यात श्रावण लागला की व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरायला लागतात : ‘प्लेटलेट्स हव्यात, अर्जंट.’ गणपती येईपर्यंत प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी तापाने आडवं झालेलं असतं. पावसाळा म्हटला की डेंग्यू आलाच, हे आपण गृहीत धरलंय. मला ते अजिबात मान्य नाही.

पाषाणला आयआयटीएम आहे, मान्सूनचा अभ्यास करणारी संस्था. तिथल्या सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी खास पुण्याच्या डेंग्यूचा अभ्यास केला. जानेवारी २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस बेताचा पण सलग, हे जुळून आलं की डेंग्यू वाढतो. उलट आठवड्याभरात १५० मिलिमीटरच्या वर कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात. यावरून साथीचा अंदाज दोन महिने आधी देता येतो. तापमान असंच वाढत राहिलं तर पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू नजीकच्या काळात १३ टक्क्यांनी आणि शतकाच्या मध्यापर्यंत ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतात, असंही त्यात म्हटलंय.

दोन महिने म्हणजे केवढा वेळ! कोणत्या वस्तीत आधी जायचं, दवाखान्यांत किती खाटा राखायच्या, सगळं ठरवता येतं. पण त्यासाठी कुठल्या भागात किती रुग्ण निघाले हे हवामानवाल्यांना वेळेवर कळायला हवं. पावसाचा आकडा रोज सकाळी कुणालाही मिळतो, तापाच्या रुग्णांचा मिळत नाही. ज्या शहरात हवामान खातंही आहे आणि विषाणू संस्थाही आहे, तिथे ही माहिती एकत्र येऊ नये याचा मला संताप येतो.

आणि डास फक्त पावसाच्या डबक्यात होतात असं नाही. धरणसाठा घटला की पाणीकपात येते, गुरुवारी पाणी बंद म्हटलं की बुधवारीच पिंपं भरली जातात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हेच स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसतात, ती त्याची अंडी. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आतून काथ्याने खसाखसा घासावं लागतं. पाऊस लहरी झाला की घराघरातली पिंपं वाढतात, आणि ती सर्वांत जास्त असतात ती ज्यांच्या नळाला धड पाणी येत नाही त्यांच्याकडे.

उन्हाळ्याचंही तेच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात. एप्रिलमध्ये म्हणतात, “ताई, पत्रा रात्री बारापर्यंत वाफ सोडतो, पोरं झोपतच नाहीत.” रात्री शरीर थंड झालं नाही तर हृदयावर आणि मूत्रपिंडावर ताण येतो, पण माणूस गेला तर दाखल्यावर उष्म्याचं नाव क्वचितच लागतं. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गमावली आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यात आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, सगळं आलं. पुढे तिथे वस्त्यांतले पत्रे पांढऱ्या रंगाने रंगवले. यात न परवडण्यासारखं काय आहे?

हवामानबदलाची कामं आपण पर्यावरण विभागाच्या गळ्यात टाकतो आणि आरोग्य खात्याला उरते ती फवारणी. टेकडीवरून रस्ता काढायचा, नदीकाठची झाडं पाडायची, बसऐवजी उड्डाणपुलांवर पैसा घालायचा, हे ठरताना आरोग्यप्रमुखांचं मत का विचारलं जात नाही? सावली गेली, धूर वाढला की त्याचे रुग्ण त्यांच्याच ओपीडीत येणार आहेत. अशा प्रत्येक प्रस्तावाला आरोग्य खात्याचा लेखी अभिप्राय सक्तीचा करा. आणि डेंग्यूचे प्रभागवार आकडे दर आठवड्याला जाहीर करा, जूनपासून, साथ पसरायची वाट न बघता.