दादा, मला एक लेन हवी

गेल्या महिन्यात सांगलीहून दादाचा फोन आला. तिथल्या पोहण्याच्या तलावावर पहाटेची वेळ फक्त स्पर्धेच्या पोरांना ठेवायची, चाळिशीपुढच्यांनी नंतर यायचं, अशी चर्चा चालली आहे म्हणे. दादा त्याच बाजूचा. "पोरं मेडल आणतील. या वयात तुम्ही काय आणणार? आणि पोहायचंच असेल तर नदी आहे की!"

मला ते लागलं. मी ४८ वर्षांची आहे आणि मेलबर्नमध्ये शर्यतीसाठी पुन्हा पोहायला लागले आहे.

मी शिकले कृष्णेतच. माईघाटावर पाठीला डबा बांधून आबा मला पाण्यात सोडायचे. पुढे शाळेकडून राज्यापर्यंत गेले. दहावीचं वर्ष म्हणून पोहणं थांबलं, ते ३२ वर्षं थांबलं.

इथे पहाटे साडेपाचला आमचा गट पाण्यात उतरतो. भिंतीवर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ असतं. १०० मीटर आठ वेळा, दर दोन मिनिटांनी निघायचं. मी एक मिनिट चाळीसला पोचते, म्हणजे दम घ्यायला २० सेकंद. सहाव्या वेळी कोपर खाली पडायला लागतं, पाणी हातातून निसटतं. तेव्हा शेजारच्या लेनमधल्या, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बाई पुढे निघून जातात, आणि मी कोपर पुन्हा वर धरते.

मास्टर्स जलतरणात, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या स्पर्धांत, २५ वर्षांपासून पुढे दर ५ वर्षांचा एक गट असतो. जागतिक स्पर्धा १९८६ पासून होतात. दोन वर्षांनी मी ५० ते ५४ च्या गटात जाईन, तिथली सगळ्यात लहान. पन्नाशीची इतकी वाट मी कधी पाहिली नव्हती.

दादाची काळजी मात्र खोटी नाही. चाळिशीनंतर झटक्याची ताकद कमी होते, थकवा लवकर उतरत नाही, खांदा आधी कुरकुरतो. म्हणून मी आठवड्यातून चारच दिवस पोहते, दोन दिवस वजनं उचलते. सुरुवात करण्याआधी हृदय तपासून घेतलं. तिकडे कुणी पुन्हा उतरणार असेल तर त्यानंही आधी तेवढं करावंच.

इथे घाट नाही, हेही खरं. पोहून झालं की जो तो टॉवेल गुंडाळून गाडीकडे धावतो. ओल्या केसांनी पायरीवर बसून भडंग खाणं मला अजून आठवतं. पण त्याच नदीत आता मगरी दिसतात, सांडपाणी येतं. दादा स्वतःच्या मुलीला तिथे पाठवत नाही, मग मला कसं सांगतो?

आणि मेडलचंच म्हणाल, तर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर आठवा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा मुष्टियोद्धा उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटरचं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आला. खेळाचं वय ठरवणाऱ्यांनी त्यांना कुठल्या वेळेला बसवलं असतं?

पोरांच्या लेन काढून घ्या असं मी म्हणत नाही. पहाटे एक लेन आणि भिंतीवर एक घड्याळ, एवढंच. आणि त्या लेनमध्ये बायकाही. भर दुपारची बायकांची बॅच नोकरी करणारीला काय कामाची?

डिसेंबरात मी तीन आठवडे सांगलीत आहे. सरावाचा कागद सोबत आणतेय. दादा, तलावावर साडेपाचचं विचारून ठेव.