‘अठरा झाली, आता कमवा’ म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस आपल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा : बालगृहातली मुलं अठरा वर्षं सरकारी खर्चाने वाढतात, मग ती सज्ञान होतात. गोव्यात हॉटेलांत कामं पडलेली आहेत, वर सरकार महिन्याला पैसेही देतं. तेव्हा समाजाने त्यांच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही. मला हा तिघांनी पाठवला. तिघेही भली माणसं आहेत, म्हणूनच लिहितोय.

‘अठराव्या वर्षी सज्ञान.’ कायद्याने, हो. पण आपल्या घरी त्या वयाला बारावीचा निकाल लागलेला असतो आणि डब्याला काय देऊ, हे आई अजून विचारत असते. बालगृहातल्या कित्येक मुलांची तर जन्मतारीखही खरी नसते. शाळेची नोंद नाही, जन्मदाखला नाही, अशा वेळी वैद्यकीय तपासणीवरून वय ठरतं. त्या कागदी तारखेला, अकरावीचं वर्ष अर्ध्यावर असलं तरी, मुक्काम हलवायची वेळ येऊ शकते.

‘हॉटेलांत कामं आहेत.’ हा मुद्दा ऐकायला खरा वाटतो, म्हणून जास्त खटकतो. कामं आहेत, पण सीझनची. मे संपता संपता किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, म्हणजे शॅक, उतरवली जातात. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून ट्रॉलरही जेटीला बांधलेले. ही पोरं राहण्या-जेवणाची सोय बघून नोकरी धरतात, त्यामुळे नोकरी सुटली की त्याच दिवशी छप्परही जातं. आपला मुलगा जूनमध्ये बॅग घेऊन घरी येतो. बालगृहातून आलेल्या मुलाने कुठे जायचं? सरकारी नोकरी म्हणाल, तर गोव्यात त्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. आठव्या वर्षी मडगाव स्टेशनवर सापडलेल्या मुलाची अठराव्या वर्षी दहाच भरतात.

‘नातेवाईक असतातच की.’ असतात. पुष्कळांची आई किंवा बाप हयातही असतो. पण ज्या दारिद्र्यामुळे, दारूमुळे किंवा मारहाणीमुळे मूल तिथून बाहेर काढावं लागलं, ते सगळं अठरावा वाढदिवस झाला म्हणून संपत नाही.

‘सरकार पैसे देतं.’ 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 46 मध्ये बाहेर पडणाऱ्या मुलांना अर्थसाहाय्य ‘देता येईल’ असं आहे, ‘द्यावंच’ असं नाही. बालगृह सोडल्यानंतरची ही मदत, म्हणजे अनुरक्षण सेवा, साधारण 21 व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत रक्कम आहे महिन्याला 4,000 रुपये. एवढ्यात म्हापशाला खोली घेऊन, जेवून, बसभाडं भागवून दाखवा.

आणि पैसे असले तरी भागत नाही. अशाच एका मुलाबरोबर मी फोंड्याला खोली बघायला गेलो होतो. मालकाने नळ सोडून पाणी दाखवलं, भाडं ठरलं. मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं. मग प्रश्न आला, “घरचे खंय रावतात?” त्याने खरं ते सांगितलं. “दोन दिवसांनी फोन करतो,” मालक म्हणाले. फोन आला नाही. दुसऱ्या ठिकाणी हमीदार म्हणून मी सही केली आणि त्याच संध्याकाळी किल्ली मिळाली. त्याच्याकडचे पैसे दोन्ही वेळी तेवढेच होते.

समाजाने काय करायचं, याचं उत्तर मला त्या सहीत दिसतं. तुमच्याकडे रिकामी खोली असेल, गॅरेजमध्ये हाताखाली एखादा मुलगा हवा असेल, बँकेचा फॉर्म भरायला शिकवण्याइतका वेळ असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन सांगा. मुलं सतरा वर्षांची असतानाच सांगा, कारण अठरानंतर त्यांना शोधत फिरावं लागतं.

त्या मुलाची खोलीवरची पहिली चवथ आमच्या ध्यानातच आली नाही. आम्ही सगळे गावच्या घरी गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधत होतो. त्याची खानावळ चतुर्थीसाठी बंद, शेजारपाजारची दारं कुलूपबंद. तीन दिवस त्याने पाव आणि केळी खाऊन काढले. हे त्याने आम्हाला दिवाळीत सांगितलं, तेही माझ्या बायकोने खोदून विचारलं तेव्हा.