रॉ असलं तरी जळालेला बगळा परत येत नाही

नागपूरच्या अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा तलावांवरच्या बगळ्यांचे फोटो पक्षीनिरीक्षकांच्या गटांवर आले की त्यांच्या मागोमाग एक तयार नुस्खाही फिरतो: "पांढऱ्या पक्ष्याला एक्स्पोजर नेहमी प्लस १ द्या. जास्त उजळला तरी काळजी नको, रॉ (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची, मूळ फाइल) आहे. हायलाइट्स उणे १००, क्लॅरिटी ४०, शार्पनिंग १००, पीस न् पीस दिसतं." यातलं पहिलं वाक्य (प्लस १ म्हणजे कॅमेऱ्याच्या मापापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड) अर्धं खरं आहे, म्हणून तेच सगळ्यात जास्त फोटो घालवतं.

"नेहमी प्लस १"

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पक्षी कळत नाही. समोरचा उजेड मधल्या करड्यावर आणून ठेवणं एवढंच त्याचं काम. फ्रेमभर पांढरी पिसं असतील किंवा मागे भगभगीत आभाळ असेल, तर मीटर फोटो काळवंडतो आणि तिथे प्लस लागतंच. पण तलावाच्या गडद पाण्यावर फ्रेमच्या दहाव्या भागाएवढा बगळा उभा असेल, तर मीटर पाणी उजळायला जातो आणि पक्षी जळतो, म्हणजे पिसं न दिसणारा कोरा पांढरा होतो. तिथे उणे १ ते उणे १.७ हवं. तोच बगळा उडून आभाळात गेला की हिशेब उलटा. अंगावर पडणारं ऊन मात्र दोन्हीकडे सारखंच असतं.

म्हणून स्वच्छ ऊन पाठीशी असेल तर मॅन्युअल लावून मोकळं व्हावं. आयएसओ ४००, एफ/८ ला साधारण विषयासाठी १/१६०० बसतं. पांढऱ्यासाठी एक स्टॉप कमी, म्हणजे १/३२००. पंखही गोठतात. ढग आला किंवा सूर्य खाली उतरला की आकडे बदलायचे, हे ओघानं आलंच.

"रॉ आहे, परत येतं"

थोडं येतं, आणि हा समज त्या थोड्यातूनच पसरला आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकणारा इशारा जेपेगच्या (कॅमेऱ्यानं तयार करून दिलेल्या फोटोच्या) हिशेबानं येतो. रॉमध्ये त्याच्या वर जरा जागा शिल्लक असते. उन्हात बहुधा हिरवा चॅनल आधी भरतो. लाल-निळा शाबूत असेल तर सॉफ्टवेअर त्यांच्यावरून अंदाज बांधतं. तिन्ही भरले की मात्र त्या जागी माहितीच उरत नाही. स्लायडर ओढला तर पांढऱ्या डागाचा करडा डाग होतो, इतकंच. त्यामुळे मागच्या पडद्यावर एकरंगी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) न पाहता तीन रंगांचा वेगवेगळा पाहावा. मानेवर दोन-चार ठिपके लुकलुकले तर चालतं, अख्खी पाठ लुकलुकली तर लगेच शटर एक स्टॉप वेगवान करा.

"हायलाइट्स उणे १००"

यानं पिसं दिसतात, पण पक्षी राख फासल्यासारखा होतो. सगळे पांढरे एकाच करड्या पट्ट्यात कोंबले जातात. पिसं दिसतात ती पांढऱ्या-पांढऱ्यातल्या फरकामुळे, आणि तो फरकच या स्लायडरनं चेपला जातो.

लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी एक्स्पोजर बसवा, मग ऑल्ट दाबून व्हाइट्स हलवा. काळ्या पडद्यावर ठिपके उमटायला लागले की मागे या. सर्वांत उजळ पीस ९५ टक्क्यांच्या आसपास राहू द्या. हायलाइट्स उणे २० ते ४० पुरे. नंतर फक्त पक्ष्याचा मास्क (तेवढ्याच भागाची निवड) घेऊन त्यावर कर्व्ह (छटा वर-खाली करणारी रेषा): ९५ चा बिंदू जागेवर ठेवा आणि ८० चा ७२ वर खाली ओढा. आता ८० ते ९५ मधल्या छटा जास्त लांब पसरतात. खांद्यावरच्या पिसांच्या कडा आणि मानेच्या वळणातली सावली याच भागात असते. मोठ्या बगळ्याच्या पाठीवरची विणीच्या काळातली झालर तर इथेच उलगडते.

सावलीतल्या पिसांवर आभाळाचा निळा येतो, तो निम्मा कमी करा, पुसू नका. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (टेकवलेला भाग बिनरंगी धरून रंग जुळवणारा) गायबगळ्याच्या डोक्यावर तर चुकूनही नको. विणीच्या काळात ते डोकं मुळातच बदामी-केशरी असतं.

"क्लॅरिटी ४०, शार्पनिंग १००"

क्लॅरिटी रुंद पट्ट्यात कॉन्ट्रास्ट वाढवते. गडद पाण्यावरच्या बगळ्याभोवती त्यानं काळी किनार येते आणि आतली कड फुगते. ती शून्य ते १० वर ठेवा, त्याऐवजी टेक्स्चर १५-२०.

शार्पनिंग म्हणजे कडेची गडद बाजू आणखी गडद आणि उजळ बाजू आणखी उजळ. पांढरा आधीच ९९ टक्क्यांवर असेल, तर वर जायला जागा नाही. शार्पनिंगच बारीक पिसं जाळतं. वरचे ते पाच टक्के यासाठी राखायचे. आधी टोन, मग शार्पनिंग, हा क्रम मोडू नये. अमाउंट ५०-६०, रेडियस ०.७ ते ०.८, डिटेल २५. मास्किंग ऑल्ट दाबून वाढवत न्या, पाणी पूर्ण काळं आणि चोच, डोळा, पिसांच्या कडा पांढऱ्या दिसेपर्यंत. बहुतेक वेळा ते ६० ते ८० मध्ये थांबतं. तरीही पांढरी रेघ उमटली तर फोटोशॉपमध्ये शार्पनिंगच्या दोन लेयर करा: एक डार्कन मोडमध्ये पूर्ण, दुसरी लायटन मोडमध्ये ४० टक्के.

एक गोष्ट कुठल्याच आकड्यानं सुधारत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी तापलेल्या काठावरून लांबच्या पक्ष्यावर ४००-६०० मिमीची लेन्स रोखली की मधली हवा थरथरते आणि कडा विरघळतात. त्यावर शार्पनिंग चढवलं तर पिसांऐवजी अळ्यांसारखी नक्षी उमटते. सकाळी लवकर जा, अंतर कमी करा, किंवा ओळीनं १०-१५ फ्रेम घेऊन त्यातली स्थिर तेवढी ठेवा.

शेवटचं शार्पनिंग आकार लहान केल्यावर, तेही हलकं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला तर तो दाबला जातो आणि तुमची नाजूक झालर आधी जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते.