अप गाडी घाट उतरते

पाचोरा ते जळगाव रोज अप-डाऊन करणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गाडी किती लेट, कोणत्या फलाटावर, जागा कोण धरतंय, एवढ्यासाठी काढलेला. आप्पा रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी ग्रुप सोडत नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. इंग्रजीत हा मजकूर बरीच वर्षं फिरतोय, आता त्याला मराठी शेपूट लागलंय.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजीतल्या ‘अप’ या दोन अक्षरी शब्दाइतके अर्थ जगात दुसऱ्या कुठल्याच शब्दाला नाहीत. अप म्हणजे वर. मग ‘वेक अप’, ‘ईट अप’, ‘शट अप’ यांत वर काय जातं? काहीच नाही, तरी इंग्रज ‘अप’ लावतोच. हे मराठी शेपूट: आपल्या ‘वर’ला बिचाऱ्याला एकच अर्थ, असले हरहुन्नरी शब्द मराठीत नाहीतच, म्हणून इंग्रजी श्रीमंत आणि आपली भाषा तोकडी. खाली तीनदा हात जोडलेले.

मी जळगावात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. माझं पोट इंग्रजीवर आहे, त्यामुळे तिच्याशी माझं भांडण नाही. पण या मेसेजातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकलेली आहे.

आधी विक्रमाचं बघू. सगळ्यात जास्त अर्थांचा मान ‘अप’ला कधीच नव्हता. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाखाली ४३० अर्थ आहेत, आणि ती एक नोंदच सुमारे ६०,००० शब्दांची आहे. पुढे नव्या आवृत्तीचं काम निघालं तेव्हा ‘रन’ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर हे कोशकार नऊ महिने त्या एका शब्दाला बसले आणि क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. दोन अक्षरांचीच अट घातली, तरी ‘गो’ हा शब्द ‘अप’च्या कितीतरी पुढे आहे. (देवनागरीत तर तो एकाच अक्षराचा.)

पण हे आकडे फार मनावर घ्यायचे नसतात. अर्थ म्हणजे पोत्यातली केळी नव्हे, की ओतली आणि मोजली. कोशकार किती बारीक चिरतो त्यावर आकडा ठरतो. शाळकरी मुलाच्या कोशात त्याच शब्दाचे पंधरा-वीस अर्थ असतात, वीस खंडांच्या कोशात शेकडो. शिवाय दिसायला एक असलेले शब्द मुळात वेगळे असू शकतात. ‘सेट’ क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, ठेवणं-बसवणं या अर्थाचं, ‘सिट’चं भावंड. कपबशांचा ‘सेट’ मात्र जुन्या फ्रेंचमधून आलेला आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये, ज्यातून पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ आला तेच. दोघं पुढे एकमेकांत मिसळून गेले, पण घराणी दोन. आपल्याकडेही तेच. लग्नातला ‘वर’ आणि देवाने दिलेला ‘वर’ हे दोन्ही निवडणं, मागणं या अर्थाच्या एका संस्कृत धातूतले. माळ्यावरचा ‘वर’ आला ‘उपरि’मधून. चांगला कोश त्यांच्या नोंदी वेगळ्या करतो, फॉरवर्ड एकाच टोपलीत टाकतो.

आता ‘अप म्हणजे वर’. हे आमच्या ग्रुपवर लिहावं याची कमाल वाटते, कारण आमचा जन्म अप आणि डाऊनमध्ये चाललाय. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप, मुंबईहून येणारी डाऊन. ती रीत इंग्लंडची. तिथे लंडनकडे जाणारी ती अप. आता भुसावळहून निघालेली अप गाडी डोळ्यांपुढे आणा. पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, नाशिक करत इगतपुरीला पोचते आणि तिथून थळ घाट उतरून कसाऱ्याला. उतरते! चढ आहे तो डाऊन गाडीला, ३७ फुटांना एक फूट, आणि म्हणून कसाऱ्याला तिला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. म्हणजे डाऊन गाडी घाट चढते आणि अप गाडी समुद्राकडे उतरत जाते. यातला ‘अप’ उंचीचा नाही, मानाचा आहे. मोठं ठिकाण ते वर. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, कारण ‘वरून फोन आला’ म्हटल्यावर आपल्यापैकी कोणी छताकडे बघत नाही.

आणि ‘अप-डाऊन करतो’ हा प्रयोग तर आपणच घडवलाय. इंग्लंडातल्या माणसाला तसं सांगितलं तर तो मला लिफ्टमन समजेल. मी सकाळी पाचोऱ्याहून जळगावला जातो ती डाऊन, संध्याकाळी परततो ती अप. नियमाने डाऊन-अप म्हणायला हवं. कोणी म्हणत नाही. एसटीने ये-जा करणाराही अप-डाऊनच करतो, रस्त्याला कुठे रूळ नसले तरी.

‘वर’ला एकच अर्थ, हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या घरी कोणी मराठी बोलत नसावं. वेळेवर ये. शंभराच्या वर माणसं होती. चूक स्वतः केली आणि वर मलाच बोलतो. वर तोंड करून विचारतो. बाळाला वरचं दूध सुरू केलं, म्हणजे माळ्यावरचं नव्हे, आईच्या दुधाशिवायचं. वरखर्च, वरकमाई, वरवर बोलणं. वरचेवर येणं, यात तर ‘वर’ दोनदा आहे आणि उंची एकदाही नाही. आजोबा वर गेले. पैसे मागायला गेलो तर त्याने हात वर केले. इंग्रजीत हार मानणं ‘गिव्ह अप’, आपल्याकडे हात वर. कोणी कोणाकडून उसनं घेतलेलं नाही. आणि माझं पोट इंग्रजीवर आहे, हे मघाशी लिहिलं तेव्हा तुम्ही अडखळलात का?

आता ‘ईट अप’मध्ये वर काय जातं, हा प्रश्न. तो थट्टेत विचारलाय, पण आहे मात्र चांगला. वर काही जात नाही. तो ‘अप’ सांगतो की काम तडीस गेलं, ताटात काही उरलं नाही. ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’, सगळीकडे तेच. म्हणजे तो फुकटचा नाही, त्याला नेमून दिलेलं काम आहे. मराठी हेच काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. आई म्हणते, ‘तेवढं खाऊन टाक.’ कोण काय टाकतंय? अहिराणीत ‘खाई टाक’. तिथेही टाकाटाकी नाही.

आणि इथे मराठीची चाल जास्त बारीक आहे असं मला वाटतं. कापसाचं घ्या. कापूस विकला, ही नुसती बातमी. विकून टाकला म्हणजे घरातली अडचण गेली, सुटलो एकदाचे. विकून घेतला म्हणजे भाव उतरायच्या आत साधलं. विकून दिला म्हणजे कोणाच्या तरी वतीने. आणि ‘विकून बसलो’ म्हटलं की पुढचं सांगावंच लागत नाही. ऐकणाऱ्याला कळतं की नंतर भाव चढला आणि हा कपाळाला हात लावून आहे. ‘बस’ या दोन अक्षरांत अख्खा पश्चात्ताप. यासाठी इंग्रजीत वेगळं वाक्य जोडावं लागतं. वर्गात हे भाषांतर करून दाखवायचा मी दर वर्षी प्रयत्न करतो आणि दर वर्षी फसतो.

फॉरवर्डमध्ये आणखी एक तक्रार आहे की घर ‘बर्न अप’ही होतं आणि ‘बर्न डाऊन’ही, म्हणजे इंग्रजीला ताळतंत्र नाही. ठीक. आपण दिवा लाव म्हणतो तेव्हा तो सुरू होतो, आणि दार लाव म्हणतो तेव्हा ते बंद होतं. एवढं पुरे.

‘हरहुन्नरी शब्द मराठीत नाहीत’ याला उत्तर ‘लागणे’. चाळीसगावहून कन्नडकडे गेलेल्या कोणालाही विचारा: घाट लागला की पोरांना गाडी लागते. पहिलं लागणं रस्त्याचं, दुसरं पोटाचं. स्टँडवर गाडी लागली म्हणजे मात्र कोणी ओकत नाही, सगळे पळत जाऊन जागा धरतात. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, वेड लागतं. शेवटच्या दोहोंचा क्रम ज्याचा त्याने लावावा. कारलं कडू लागतं. ती माझी मावशी लागते. पोरगं रडू लागलं. जावं लागतं. यातली शेवटची दोन तर व्याकरणाची कामं आहेत, एक सुरुवात सांगतं, दुसरं सक्ती. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत किंवा १९३२ ते ३८ मध्ये निघालेल्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात ‘लागणे’ काढून बघा. रविवारची दुपार जाईल.

राहिलं ‘म्हणून इंग्रजी श्रीमंत’. एका शब्दाला पुष्कळ अर्थ असणं हे श्रीमंतीपेक्षा झिजण्याचं लक्षण आहे. जो शब्द रोज तोंडात, त्याला सगळी कामं सांगितली जातात, घरातल्या हाताशी असलेल्या पोराला सांगतात तशी. झिफ नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९४५ मध्ये आकडे मांडून हेच दाखवलं: शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याला अर्थ जास्त. म्हणून सगळीकडे या यादीत जाणं, ठेवणं, लागणं, वर, खाली असलेच ठेंगणे शब्द सापडतात. थर्मामीटरला दुसरा अर्थ नाही, आणि त्यावरून कोणी वैद्यकाला गरीब म्हणत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्यातुकड्यांत लिहिलं, म्हसावद ते पाचोरा. मध्ये दोघांनी ग्रुप सोडला. उतरता उतरता आप्पांचा निरोप आला: ‘वाची टाकं भो.’