अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर ‘मेला’ म्हणणाऱ्यांना

जावावाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. पाठवणारा बदलतो, मुद्दे तेच. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस हे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर (जावाच्या अ‍ॅप्लिकेशनांना डेटाबेस, व्यवहार, सुरक्षा अशा सोयी पुरवणारं सॉफ्टवेअर) अडगळीत टाका, ते जड आहेत. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कने त्यांची गरज संपवली. डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन (एकाहून अधिक सिस्टिमांत मिळून होणारा एकच व्यवहार) आता कुणी वापरत नाही. सोप (एक्सएमएलमधून संदेश पाठवायचा प्रोटोकॉल) मेला. उरलंसुरलं कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी, सांभाळणारी व्यवस्था) बघून घेतं. आणि जाता जाता, अजून अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर काम करत असाल तर रेझ्युमे अपडेट करा, असा टोमणा. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं जुनं आहे. ट्रान्झॅक्शनबद्दलचं मात्र पैशांच्या व्यवहारात महागात पडेल असं आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

‘जड आहेत.’ होते. जुना वेबस्फिअर सुरू करून चहा पिऊन यायची पद्धत कुणी गमतीने पाडली नव्हती. एकाच सर्व्हरवर आठ-दहा अ‍ॅप्लिकेशनं कोंबायची आणि एकाने मेमरी गळती केली की सगळी बसायची, हेही खरं. ती मांडणी गेली ते बरंच झालं. पण जावा ईईच्या (जावाच्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरनी पाळायच्या करारांच्या) २००९ मधल्या आवृत्ती ६ मध्ये वेब प्रोफाइल नावाचा आटोपशीर संच आला, २०११ मध्ये जेबॉस ७ मॉड्यूलमध्ये विभागून नव्याने लिहिला गेला (त्याचाच पुढे वाइल्डफ्लाय झाला) आणि ओपन लिबर्टी या सर्व्हरमध्ये तर कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये जी फीचर्स लिहाल तेवढीच लोड होतात. वाइल्डफ्लायचा बूटेबल जार आणि पयारा मायक्रो अ‍ॅप्लिकेशनसकट एकाच जार फाइलमधून चालतात. आजच्या सर्व्हरवर २००५ चा आरोप ठेवायचा असेल तर निदान तारीख तरी लिहावी.

‘स्प्रिंग बूटने गरज संपवली.’ स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती एप्रिल २०१४ मध्ये आली. तिच्या पोटात मुळापासून टॉमकॅट हा वेब सर्व्हर आहे, टॉमकॅट सर्व्हलेटचं (वेबवरच्या विनंत्या हाताळायचं) स्पेसिफिकेशन पाळतो, डेटाबेसचं काम करणारं हायबरनेट जेपीएचं (जावातून डेटाबेसशी बोलायचं). हे दोन्ही करार जावा ईईचे. ओरॅकलने जावा ईई इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण जावाएक्स (javax) या पॅकेजनावाखाली पुढचे बदल करू दिले नाहीत. म्हणून नाव जकार्ता झालं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं तेव्हा जगभरच्या स्प्रिंगवाल्यांना आपापल्या कोडमधली इम्पोर्ट बदलत बसावं लागलं. मेलेल्याचं नाव बदललं म्हणून जिवंतांची एवढी धावपळ होत नसते.

बूटने बदल केला तो मालकीत. डेटाबेस कनेक्शनचा पूल, टीएलएस (वाटेतली गुप्तता), लॉगिंग, सुरक्षा यांची निवड सर्व्हरच्या अ‍ॅडमिनकडून निघून प्रत्येक टीमच्या पॉम फाइलमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) आली. ज्या टीमला ते सांभाळता येतं तिच्यासाठी उत्तम. पण डेटाबेसचा पासवर्ड डेव्हलपरला दिसता कामा नये असा नियम असेल, तर अ‍ॅडमिनने सर्व्हरवर डेटा सोर्स बनवायचा आणि कोडने तो फक्त जेएनडीआय (सर्व्हरवरच्या गोष्टींची नावसूची) मधल्या नावाने मागायचा, ही जुनी सोय आपोआप मिळत होती. आता तीच तुम्ही सिक्रेट आणि व्हॉल्ट या गुपितं जपणाऱ्या साधनांच्या साहाय्याने पुन्हा उभी करता.

आता ट्रान्झॅक्शन. साधा प्रसंग घ्या: खात्यातून रक्कम वजा करायची आणि ‘पुढे पाठवा’ हा मेसेज क्यूमध्ये (संदेशांच्या रांगेत) टाकायचा. डेटाबेस वेगळा, क्यू वेगळी. पहिलं कमिट (म्हणजे पक्कं) झालं आणि दुसऱ्याआधी प्रोसेस पडली, तर पैसे गेले आणि निरोप पोचला नाही. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा ट्रान्झॅक्शन मॅनेजर दोघांनाही एक्सए (अनेक सिस्टिमांना एका व्यवहारात बांधायचं स्पेसिफिकेशन) मार्फत एका व्यवहारात घेतो, आधी दोघांकडून ‘तयार’ असं वदवून घेतो, निर्णय स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो आणि मगच कमिट सांगतो. सर्व्हर मधेच पडला तर पुन्हा उठल्यावर तो लॉग वाचतो, डेटाबेस आणि क्यूला ‘तुमच्याकडे लटकलेले व्यवहार कोणते’ असं विचारतो आणि ते मार्गी लावतो. मजकूर लिहिणाऱ्यांच्या लक्षात हा रिकव्हरीचा भाग येतच नाही. कोडवर एक अ‍ॅनोटेशन (खूण) तर कुणीही लावेल, कोसळल्यानंतरची आवराआवर कोण करतं हा खरा प्रश्न आहे.

उत्तर म्हणून ‘सागा वापरा’ (व्यवहाराचे तुकडे करा, एक फसला तर आधीचे उलट फिरवा) असं सांगितलं जातं, जणू सागा काल निघाली. गार्सिया-मोलिना आणि सेलम यांचा सागावरचा निबंध १९८७ चा. एक्सएचं स्पेसिफिकेशन १९९१ चं, म्हणजे त्यानंतरचं. सागा होती दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारांसाठी, आणि तिथे ती आजही योग्यच आहे. पण तिच्यात आयसोलेशन नसतं. अर्धवट झालेली स्थिती बाकीच्यांना दिसते, उलट फिरवण्याचं प्रत्येक पाऊल हाताने लिहावं लागतं आणि ते पाऊलही फसू शकतं. काफ्का ही मेसेज व्यवस्था एक्सए बोलत नाही, म्हणून तिथे आउटबॉक्स टेबल (मेसेज आधी त्याच डेटाबेसमध्ये लिहून मग पुढे पाठवणं) हाच शहाणपणा. तरी एकच मेसेज दोनदा आला तर काय, याचं उत्तर तुमच्याच कोडने द्यायचं.

एक्सएचीही बाजू फार उजळ नाही. को-ऑर्डिनेटर (म्हणजे तो ट्रान्झॅक्शन मॅनेजर) गायब झाला की ‘तयार’ म्हणून बसलेल्या व्यवहाराची डेटावरची कुलपं तशीच राहतात, आणि ओरॅकलच्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) प्रलंबित व्यवहारांचा तक्ता उघडून एकेक नोंद हाताने निकालात काढावी लागते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिस्टिममध्ये एक्सए वापरूच नये. एकाच डेटा सेंटरमधला एक डेटाबेस आणि एक क्यू, एवढ्या टापूत त्याला अजून तोड नाही. स्प्रिंग बूटमध्ये हवं असेल तर बाहेरून मॅनेजर जोडावा लागतो. अशा मॅनेजरांपैकी अ‍ॅटॉमिकॉसचा आयता आधार तर आवृत्ती ३ मध्ये काढून टाकला गेला.

‘सोप मेला.’ नवीन मोबाइल अ‍ॅपसाठी सोप निवडणारा मलाही भेटलेला नाही. जावा ११ ने २०१८ मध्ये जॅक्स-डब्ल्यूएस (जावातली सोपची सोय) जेडीकेमधून (जावाच्या मूळ संचातून) काढलं, आणि जकार्ता ईई ९ मध्ये ते ऐच्छिक आहे. पण युरोपातल्या पेपोल जाळ्यावर ई-इन्व्हॉइस जातात त्या एएस४ प्रोटोकॉलने. तो उभा आहे सोप १.२ आणि डब्ल्यूएस-सिक्युरिटीवर (संदेशावरच सही करायच्या नियमांवर). बेल्जियमने १ जानेवारी २०२६ पासून कंपन्यांमधली ई-इन्व्हॉइस सक्तीची केली, आणि नेहमीचा मार्ग पेपोलच. सोप टिकण्याचं कारण साधं आहे: टीएलएस लगतच्या दोन थांब्यांमधलाच रस्ता राखतं, तर संदेशावरची सही मधल्या थांब्यांवरही टिकते. वाइल्डफ्लाय किंवा लिबर्टीत ही सोय अपाचे सीएक्सएफ या लायब्ररीच्या जोरावर तयार मिळते. बूटमध्येही सीएक्सएफ जोडता येतं, फक्त जोडणं आणि जपणं तुमच्याकडे.

याच ठिकाणी वेबलॉजिकची लाजही सांगायला हवी. २०१७ आणि २०१९ मध्ये गाजलेल्या दोन मोठ्या भगदाडांत हल्ला झाला तो वेब सर्व्हिसच्याच घटकांतून, त्यात वेब सर्व्हिसच्या ट्रान्झॅक्शनचा घटकही होता. न वापरलेलं फीचर चालू ठेवणं ही चैन नव्हे, उघडं दार आहे. लिबर्टीची ‘मागाल तेवढंच’ पद्धत मला म्हणूनच पटते.

‘कुबरनेटिस बघून घेतं.’ कुबरनेटिस पॉड (कंटेनरचं चालतं एकक) बघतं, जेव्हीएमच्या (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेच्या) आत नाही. हेल्थ चेक वेगळ्या पोर्टवर असेल तर कामाचे सगळे थ्रेड अडकलेले असतानाही उत्तर ‘ठीक’ असं येऊ शकतं. वेबलॉजिक ६०० सेकंद अडकलेला थ्रेड स्वतःहून ‘स्टक’ म्हणून नोंदवतो. पूलचाही हिशेब करा: बूटसोबत येणाऱ्या हिकारीचा कनेक्शन पूल मुळात १० कनेक्शनचा, ४० पॉड उठवले तर ४००, आणि पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा १००. आणि तो ट्रान्झॅक्शन लॉग? पॉडच्या तात्पुरत्या डिस्कवर असेल तर पॉडबरोबर तोही गेला, डेटाबेसमधली कुलपं मात्र राहिली. म्हणूनच वाइल्डफ्लायचा कुबरनेटिस ऑपरेटर स्टेटफुलसेट (पॉडची ओळख आणि डिस्क जपणारी सोय) वापरतो आणि पॉड कमी करताना आधी लटकलेले व्यवहार मिटवतो. थोडक्यात, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि कुबरनेटिस ही दोघं एकमेकांच्या जागी येणारी नाहीत, एकावर एक बसणारी आहेत.

एक डेटाबेस, काही रेस्ट सेवा, बाकी काही नाही, अशा नव्या कामासाठी मीही बूट किंवा क्वार्कससारखं हलकं फ्रेमवर्कच घेईन. लायसन्सच्या बिलाबद्दलची तक्रारही मान्य. पण ती वेबलॉजिक आणि वेबस्फिअरच्या बिलाविरुद्ध आहे. वाइल्डफ्लाय, ओपन लिबर्टी, ग्लासफिश आणि टॉमई यांना लायसन्सचा पैसा लागत नाही.