थांबायचं, पण कुठवर?
‘गुडघेबदलाचं ऑपरेशन जमेल तितकं लांबणीवर टाका’ हा गुडघ्यांवरच्या एका लेखातला सल्ला पन्नाशीतल्या माणसाला ठीक. कृत्रिम सांधा साधारण १५-२० वर्षं टिकतो, पुन्हा उघडायची वेळ नको. पण आमच्या आईसारख्या सत्तरी ओलांडलेल्यांचं काय? दादरच्या पुलावर कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत ती चढते आणि मागून गर्दीचा रेटा. रात्री ठणक्याने झोप नाही, रोजची पेनकिलर, म्हणजे किडनीवर ताण. एक्स-रेपेक्षा हे जास्त बोलतं. फार थांबलं तर मांडीचे स्नायू रोडावतात, गुडघा आखडतो. मग ऑपरेशननंतरही नीट वाकत नाही. आणि हो, इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. बिल फुगतं ते बाकीच्या खर्चाने, तेव्हा इस्टिमेट लेखी मागा.