गेटचं थेट प्रक्षेपण

ऑक्टोबर २०२१. मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात कुजलेलं. संध्याकाळी बाबांनी बातम्या लावल्या, भरपाईचं काही कळेल म्हणून. दिसलं काय, तर आर्थर रोड तुरुंगाचं गेट. बंद गेट! त्यासमोर घसा फोडून ओरडणारा पत्रकार, खाली लाल पट्टी: ब्रेकिंग. अहो, काय ब्रेक झालं? गेट तर उघडलंच नाही अजून!

शाहरुखच्या पोराला, आर्यनला, ड्रग्जच्या केसमध्ये २८ तारखेला हायकोर्टानं जामीन दिला. दुसऱ्या दिवशी जामिनाचा कागद तुरुंगाच्या पेटीत साडेपाचच्या आत पडला नाही, सुटका एक दिवस लांबली, तर त्या पेटीवर चर्चा! लोखंडी पेटीवर! जुही चावला जामीनदार राहिली, त्यावर वेगळी. पहाटे पेटी उघडली तीही 'सबसे पहले आमच्याकडे'. मग गाडी मन्नतपर्यंत गेली आणि मोटारसायकलवरचे कॅमेरे तिच्यामागे, वरातीत घोड्यामागे पोरं धावतात तसे.

आपल्या तुरुंगांत दर चारांतले तीन कैदी कच्चे, खटला निकाली न निघालेले. त्यांच्या जामिनाचा कागद कुठल्या पेटीत अडकलाय, विचारतं का कोणी?

आणि मे २०२२ मध्ये एनसीबीनंच, म्हणजे त्याला पकडणाऱ्या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेनंच, आरोपपत्रात आर्यनचं नाव घातलं नाही, पुरावाच पुरेसा नव्हता. महिनाभर स्टुडिओत बसून न्यायनिवाडा करणारे तेव्हा कुठे होते? पुढच्या गेटवर असतील.

बाबांनी टीव्ही बंद केला आणि तलाठ्यालाच फोन लावला. त्यानं उचलला नाही, ते सोडा.